छाती माझी, सिगारेट कारखान्याची

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणी ना कुणी निवृत्त माणूस आपल्या नोकरीवर लिहितो. बँकवाले लिहून झाले, रेल्वेवाले तर दोनदा लिहून झाले, विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी सलग तीन अंक भरले. मला मात्र कुणी विचारलं नाही. संपादक इथे तारनाक्याला माझ्या मागच्याच गल्लीत राहतात, सकाळी दुधाच्या रांगेत भेटतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात, पण विषय काढत नाहीत. कारण सरळ आहे. माझी नोकरी सिगारेट ओढण्याची होती. यंदा मीच त्यांना रांगेत गाठलं आणि सांगितलं, मी लिहिणार आणि तुम्ही छापणार. माणूस भिडस्त, हो म्हणाला.

आता नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल मुरडावं आणि पुढच्या पानावरची पाककृती वाचावी.

ओढण्याची म्हणजे चव पाहण्याची. लोकांना वाटतं तंबाखू म्हणजे तंबाखू, सगळी सारखी. तसं नसतं. किनाऱ्याकडच्या काळ्या मातीतलं पान वेगळं, तांबड्या मातीतलं वेगळं. एकाच झाडाचं बुडाचं पान नि शेंड्याचं पान यांत सख्ख्या भावांइतका फरक असतो, म्हणजे पुष्कळच. पाऊस लांबला की पान तिखट होतं, भट्टीत जास्त तापलं की घशाला खरवडतं. आणि गिऱ्हाइकाला मात्र दर पाकिटात तीच चव लागते. मग दहा जागची पानं अशा हिशेबाने मिसळायची की दरवर्षी माल निराळा आला तरी चव बदलू नये. ते मिसळणं जमलं की नाही हे सांगायला कारखान्यात चार-पाच माणसांचं पॅनेल असायचं. त्यात मी होतो. आमचा कारखाना लहान, आता तिथे अपार्टमेंट उभी आहेत. तळमजल्यावर जिम आहे म्हणे.

पॅनेलची खोली उत्तरेची, पंखा बंद. प्रत्येकापुढे दोन तबकं. सिगारेटींवर नाव नाही, पट्टी नाही, सगळ्या पांढऱ्या फटफटीत. एक घ्यायची, पेटवायची, मोजके झुरके, अर्ध्यावर थांबायचं. पसंत पडली तर थोटूक उजव्या तबकात, नाही तर डाव्या. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, चेहराही करायचा नाही, नाहीतर शेजारच्याच्या मतावर परिणाम होतो. मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा. सगळं संपलं की मग तोंडं उघडायची, आणि मग जी भांडणं व्हायची ती उस्मानिया विद्यापीठाच्या इलेक्शनलासुद्धा झाली नसतील.

पॅनेलच्या दिवशी सकाळी कांदा नाही, लसूण नाही, पान नाही, चहा नाही. माझी बायको सुमन अंबरपेठची, हाताला अंबाडीच्या चटणीची चव अशी की शेजारचे तेलुगू लोक वाटी घेऊन यायचे. मला ती चटणी फक्त रविवारी. ती म्हणायची, "लोक देवासाठी उपास करतात, हे धुरासाठी करतात." माझा पॅनेलमधला जोडीदार गफूरभाई अत्तराचा शौकीन. पण पॅनेल असलं की तो अत्तराची कुपी दाराबाहेर रखवालदाराकडे ठेवून येई. आम्ही शिस्तीची माणसं होतो, हे मला ठासून सांगायचंय.

आणि आमची जीभ चुकत नव्हती. एकदा निझामाबादच्या एका व्यापाऱ्याने पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या. म्हणे, सिगारेटला साबणाचा वास येतो. साहेब म्हणाले, व्यापारी लबाड आहे, माल खपला नाही म्हणून बहाणा करतोय. गफूरभाईने एक झुरका घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "झूट नै बोलरा बेचारा. निळा साबून है, कपड्यांका." मी ओढली. खरंच, धुण्याचा साबण. जाऊन पाहिलं तर त्याच्या गोदामात आमच्या पेट्या साबणाच्या थप्पीला टेकवून ठेवलेल्या. कागद, पुठ्ठा, पन्नी, सगळं ओलांडून वास तंबाखूत शिरलेला. असल्या गोष्टींचा मला आजही अभिमान आहे.

मग नव्वदनंतर देशाची दारं उघडली आणि आमच्या कारखान्यात पुण्याहून केळकर आले. वय तिशीच्या आत, टाय, बोलणं गोड. मला पहिल्या दिवसापासून "बिरादारकाका" म्हणायला लागले. माझ्या मराठीत "कायकू" आणि "नक्को" ऐकलं की खुदकन हसायचे. परदेशी कंपनीशी करार झाला होता आणि नवी 'लाइट' सिगारेट काढायची होती. तिचं मिश्रण तिकडून ठरून आलं होतं. शिवाय एक यंत्र यायचं होतं, जे स्वतःच सिगारेट ओढून धूर मोजतं. केळकर म्हणाले, "काका, यंत्र आलं तरी तुमची गरज आहेच." हे वाक्य ज्याला ऐकवलं जातं त्याची गरज संपलेली असते, एवढं मला कळत होतं.

त्याच सुमारास माझ्या पाठीत दुखायला लागलं.

दोन खांद्यांच्या मधोमध, जरा खाली. तिथून बरगडीखालून पुढे येऊन छातीत. कुणीतरी आतून पट्टा आवळतंय असं. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. संध्याकाळी अंग कसनुसं व्हायचं, पँट कमरेला सैल व्हायला लागली. सुमन विचारायची, मी उडवून लावायचो. पॅनेलवरचा माणूस आजारी पडला की त्याला खाली बसवतात, आणि त्या दिवसांत एकदा खाली बसलेला माणूस परत वर गेला नसता. म्हणून मी गप्प बसलो.

पण तबक गप्प बसत नाही. नव्या लाइट सिगारेटीचे नमुने यायचे आणि माझ्या झाडून सगळ्या डाव्या तबकात. छातीला टोचते, मी म्हणायचो. बाकीचे म्हणायचे, फिकी आहे, पण टोचत नाही. मी हट्टाला पेटलो. केळकरांशी भांडलो. युनियनमध्ये जाऊन सांगितलं की परदेशातला कचरा आपल्या गळ्यात मारतायत. केळकर म्हणाले, "काका, तुम्हाला नवीन काही नकोच आहे." मी म्हणालो, "मला खोटं नको आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला ही म्हण इतरांसाठी, माझी जीभ ही माझी पोटापाण्याची जीभ, तिच्यावर शंका घेतलेली मला खपत नव्हती.

एके दिवशी पॅनेल संपलं आणि गफूरभाई माझ्याजवळ येऊन बसला. माझ्या डाव्या तबकातलं शेवटचं थोटूक त्याने उचललं.

"ये कौनसी है, मालूम?"

"वोइच, लाइट. बकवास."

"नै मियाँ. ये अपनी है. तुम्हीच बनाया सो. मैं डाला आज बीच में, किसीकू बताया नै."

मी थोटूक हातात घेऊन हुंगलं. आमचीच होती. माझ्या हाताखाली जन्मलेलं मिश्रण, झोपेत ओळखावं असं. आणि मी ती छातीला टोचते म्हणून डाव्या तबकात टाकली होती. आपलंच नाणं खोटं निघालं होतं.

गफूरभाई हळू आवाजात म्हणाला, "सिगरेट में कुच नै है भाई. तुमारे में है. जाके दिखाओ."

मला राग आला, आणि रागाखाली भीती वाटली. खरी भीती. पण त्याचं ऐकलं.

इथून पुढचं मी डॉक्टर मंडळींसाठी लिहितोय. अंकाचे अर्धे वर्गणीदार डॉक्टरच आहेत, त्यांनी जरूर वाचावं.

कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, गॅस. गोळ्या दिल्या. मग केळकरांनीच एका नव्या हॉस्पिटलात पाठवलं. त्या काळी शहरात अशी हॉस्पिटलं नुकतीच निघत होती. काचेची दारं, गार हवा, काउंटरवरची मुलगी "सर" म्हणते, कुंडीतलं झाड खरं की खोटं ते कळत नाही. तिथे छातीदुखीचं पॅकेज होतं. मला फिरत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी लावल्या. हृदय ठणठणीत निघालं. छातीचा एक्सरे समोरून काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, "स्मोक करता?"

"हो."

"किती?"

"तेच काम आहे माझं."

मी समजावून सांगितलं. ते हसले. खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून त्यांनाही सांगितलं, तेही हसले. मग म्हणाले, "मग आणखी काय होणार? सोडा, आणि तीन महिन्यांनी या."

मी विचारलं, "पण झालंय काय?"

"स्मोकिंग झालंय."

पुढे हाडांचे डॉक्टर झाले, त्यांनी कमरेला पट्टा दिला आणि जाता जाता म्हणाले, सिगारेटीने हाडंही ठिसूळ होतात. पोटाचे डॉक्टर झाले, त्यांनीही तेच. माझं म्हणणं एवढंच होतं की सिगारेट वाईट, कबूल, हजार वेळा कबूल. पण सिगारेट हे दुखण्याचं नाव नाही. माझ्या पाठीत नेमकी कुठली गोष्ट बिघडली आहे ते सांगा. माणूस सिगारेट ओढतो म्हटलं की चौकशी संपली, फाइल बंद. त्याला दुखतंय ते जणू त्याने मागून घेतलंय. मी प्रत्येकाशी वाद घातला. एकाने मला बाहेर काढलं. सुमन बाहेर बाकावर बसलेली असायची, ती म्हणायची, "अहो, त्यांच्याशी कायकू भांडता? बरं करायचंय ना त्यांनी?" मी म्हणायचो, म्हणूनच भांडतोय.

तोवर चालताना पाय जड व्हायला लागले होते. आबिड्सच्या पोस्टाच्या पायऱ्या चढताना एकदा डावा पाय उचललाच नाही. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि कुणी पाहिलं नाही ना ते बघत राहिलो. त्या दिवशी घरी येऊन मी सुमनजवळ रडलो. मला मरणाची भीती नव्हती वाटत, अंथरुणाला खिळण्याची वाटत होती.

गफूरभाईच्या बहिणीला पूर्वी क्षय झाला होता आणि ती शहराबाहेरच्या सरकारी छातीच्या दवाखान्यात बरी झाली होती. त्याने रजा टाकली आणि रिक्षात घालून मला तिथे नेलं. व्हरांडाभर रांग, भिंतींना चुना, थुंकू नका अशा पाट्या तीन भाषांत. आत डॉक्टर विजयलक्ष्मी नावाच्या बाई. पन्नाशीच्या, कपाळाला मोठं कुंकू, आवाज चढा.

"काम क्या करते?"

मी म्हणालो, "सिगरेट पीता हूं. वोइच काम है. अब हंस लो."

त्या हसल्या नाहीत. "हंसने का टाइम नहीं है, बाहर लाइन देखो. शर्ट निकालो. घूमो."

आजवर कुणीही मला घूमो म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी छाती पाहिली होती, कारण धूर छातीत जातो. बाईंनी मानेपासून एकेका मणक्यावर मुठीने ठोकत खाली यायला सुरुवात केली. एक, काही नाही. दुसरा, काही नाही. खांद्यांच्या खाली एका ठिकाणी मूठ पडली आणि मी असा ओरडलो की व्हरांड्यातली रांग आत डोकावली.

"चूडंडी," बाई माझ्या पाठीवर बोट ठेवून गफूरभाईला दाखवत म्हणाल्या, "देखो. इधर हड्डी ऊपर आया है. छाती में नहीं है, पीठ में है. नस दबके दर्द आगे आता."

बाजूने एक्सरे काढला. दोन मणके एकमेकांत बसलेले, मधली जागा गायब. मणक्याचा क्षय. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय गेले होते.

आता वाचक म्हणतील, म्हणजे बिरादार जिंकले, सिगारेट निर्दोष सुटली. मलाही तेच वाटलं. मी विजयी मुद्रेने बाईंना विचारलं, "म्हणजे सिगारेटीने झालं नाही ना?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळा आठवली.

"टीबी कीड़े से होता, सिगरेट से नहीं," त्या म्हणाल्या. "मगर घर में चोर आता तो कुत्ता भौंकता ना? तुम तीस साल धुआं देके कुत्ता सुला दिया. और तुम्हारा फेफड़ा मैं सुनी. साफ नहीं है. कोई पूछा तो साफ मत बोलना. आज से एक भी नहीं."

हे मात्र मी मान्य केलं, कारण या बाईने आधी शोधलं होतं आणि मग ती बोलली होती.

वर्षाहून अधिक काळ गोळ्या झाल्या. आधी फळीवर उताणं पडून राहणं, मग छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा. सिगारेट सुटली, पण ती गोष्ट सोपी होती असं कुणाला वाटू नये. हात सारखा खिशाकडे जायचा. सुमनवर खेकसायचो. तिने त्या वर्षात मला रोज अंबाडीची चटणी वाढली, आता कुठलं पॅनेल राहिलंय म्हणून. मी ती खाताना एकदा हुंदका दिला, ती म्हणाली तिखट लागली का, मी हो म्हणालो. मला सिगारेटीची आठवण आली होती, आणि त्याची लाज वाटली होती.

कारखान्यात परत गेलो तर पॅनेलच्या खोलीत यंत्र बसलं होतं. काचेच्या नळ्या, एका वेळी वीस सिगारेटी, सगळ्या सारख्या ओढायचं. गफूरभाई तेवढा मदतीला उरला होता, यंत्राची राख झाडायला. त्याला खोकला लागला होता. मला स्टोअरमध्ये बसवलं. स्वेच्छानिवृत्तीचे कागद सगळीकडे फिरत होते.

एक दिवस केळकर स्वतः स्टोअरमध्ये आले. खुर्ची ओढून बसले.

"काका, तुमची केस मी ऐकली. ग्रेट आहे."

"केस कसली, दुखणं होतं."

"तेच. एवढी वर्षं ओढलीत, सगळ्यांनी सिगारेटला दोष दिला, आणि निघालं काय? टीबी. छाती क्लीन." त्यांचे डोळे चमकत होते. "नव्या ब्रँडसाठी व्यापाऱ्यांचा मेळावा घेतोय. आजकाल लोक येता-जाता विचारतात, आरोग्याचं काय. तुम्ही फक्त पाच मिनिटं बोलायचं. तुमची गोष्ट. एवढंच."

आणि मग, निवृत्तीपर्यंत मला सल्लागार म्हणून ठेवण्याचं वरून नक्की झालंय, असंही त्यांनी सांगितलं. नाही बोललो तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी गफूरभाईला विचारलं. तो खोकून झाल्यावर म्हणाला, "बोल दो मियाँ. क्या जाता? नौकरी बचती. बच्ची की शादी है तुमारी." सुमनला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "खरं असेल तेवढं बोला." मी म्हणालो, खरं बोललो तर घर कसं चालेल? ती म्हणाली, "ते मी विचारलंय का तुम्हाला?"

मेळावा आबिड्समधल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होता. निझामाबाद, बोधन, करीमनगर, बिदर, कुठकुठले व्यापारी. टेबलांवर नव्या ब्रँडची पाकिटं, मागे मोठा पडदा. त्यावर बर्फाचे डोंगर, जे आमच्यातल्या एकानेही पाहिले नव्हते. केळकरांनी माझी ओळख करून दिली. तीस वर्षं रोज सिगारेट ओढणारा माणूस, म्हणाले, आणि बघा, छाती साफ! टाळ्या झाल्या. माझ्या हातात माइक दिला.

मी भाषण पाठ करून गेलो नव्हतो. शर्टाखाली पट्टा होता, तो बसलं की टोचत होता, उभं राहणं मला बरं वाटलं. समोर पाहिलं तर शेवटच्या रांगेत गफूरभाई रुमाल तोंडाला लावून खोकला दाबत होता, कार्यक्रम बिघडू नये म्हणून.

मी म्हणालो, "साहेब म्हणतात छाती साफ. मेरी छाती साफ नै है. जो डॉक्टरनी मेरेकू बचाई, उसने कान लगाके सुनी, बोली साफ नै है. मेरेकू हुआ सो टीबी. सिगरेट ने किया नै, मगर सिगरेट ने रोका बी नै. इत्ताच सच है."

केळकर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि हळूच माइककडे हात पुढे केला. मी माइक दुसऱ्या हातात घेतला.

बोधनचा एक जाडजूड व्यापारी उठला. आमचं जुनं गिऱ्हाईक, तोंडाने फटकळ. "बिरादार साब, तो फिर हम क्या करें? बेचना नक्को?"

लोक हसले. मीही हसलो, कारण प्रश्न बरोबर होता. तीस वर्षं मी ती बनवली, तिच्यावर घर बांधलं, पोरं शिकवली. मी कुठल्या तोंडाने नको म्हणणार होतो?

"बेचो," मी म्हणालो. "मैं बी बनाया, मैं कौन होता ना बोलने वाला. मगर मेरी छाती दिखाके मत बेचो. छाती मेरी है."

माइक केळकरांच्या हातात दिला आणि खाली उतरलो. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. शेवटच्या रांगेतून गफूरभाई उठला, आता उघड खोकत, आणि माझ्या मागोमाग बाहेर आला. त्याला मी म्हणालो, उद्या रजा टाक, तुझी पाठ नि छाती दोन्ही बाईंना दाखवायचीत. तो म्हणाला, "हौ." एरवी त्याने दहा सबबी सांगितल्या असत्या.

केळकर धावत व्हरांड्यात आले. चेहरा उतरला होता. मला त्यांची दयाही आली, नोकरी त्यांचीही होतीच.

"काका," ते म्हणाले, "तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेतलंत."

"केलं," मी म्हणालो. "माझं होतं, मी केलं."

लिफ्ट उघडी होती, आत माणूस वाट पाहत होता. मी जिन्याने उतरलो, कठडा न धरता.